पांढऱ्या गाडीचा मधला खांब

३ फेब्रुवारी

मोजपट्टे,

पत्ता तुझ्या ट्रेनिंगच्या मैत्रिणीकडून मिळवला. तिच्यावर चिडू नकोस. दोनदा तिने फोन आपटला. तिसऱ्यांदा मी तिच्या गॅरेजच्या दारातच ठाण मांडून बसलो, तेव्हा कुठे पॉलिश पेपरच्या पाठीवर पत्ता लिहून दिला. वर म्हणाली, "पत्र टाका. घरी जाऊ नका. गेलात तर मी तिला आधीच कळवीन." म्हणजे तुझ्या दादाची आता आगाऊ सूचना द्यावी लागते.

आधी कामाचं. व्यवसाय मंडळाचं पाकीट गॅरेजच्या पत्त्यावर आलं. नाव तुझं होतं तरी मी फोडलं. एकवीस तारखेला सकाळी अकरा वाजता तुझी सुनावणी आहे. शाळेतल्या बाईंच्या पांढऱ्या गाडीच्या प्रकरणात तुझा परवाना सध्या अडकवून ठेवलाय ना, तो परत द्यायचा की कायमचा काढून घ्यायचा ते त्या दिवशी ठरणार. काढून घेतला तर अपघाती गाडीला पुन्हा हात लावायचा नाही, कुठल्याच गॅरेजात, कुणाच्याच हाताखाली. हे त्यांनी जाड अक्षरांत छापलंय. पाकीट सोबत जोडलं आहे.

शेवटी एक ओळ आहे. 'सदर कामाविषयी अन्य कोणास माहिती द्यावयाची असल्यास त्याने समक्ष हजर राहावे.'

तो अन्य कोणी म्हणजे मी. त्या गाडीच्या मधल्या खांबाला गॅसची ज्योत कुणी लावली हे जगात दोनच माणसांना माहीत आहे, तुला आणि मला. मी येणार आहे आणि मी सांगणार आहे. पक्कं.

बाकी गॅरेज चालू आहे म्हणायचं. तुझ्या परवान्याशिवाय मोठी कामं घेता येत नाहीत, त्यामुळे बंपर, दाराचे पोचे, आरशांची कव्हरं असलं किरकोळ चाललंय. तुझ्या मोजमापाच्या बेंचवर रंगारी काकांनी ताडपत्री टाकली. मी म्हटलं, काका, झाकताय कशाला, तर म्हणाले, "उघडा दिसला की तू त्याच्यावर डबा ठेवून जेवायला बसशील." तुझी आठवण काढून अजून कुरकुरतात. पोरगी गेली आणि रंगाची मजा गेली, म्हणे. पत्र्यात पोचा राहिला तर तोंडावर सांगणारं कुणी उरलं नाही.

आई बरी आहे. तुझी वहिनी बरी आहे. मुलं विचारतात, आत्या कधी येणार. मी सांगतो, बाहेरगावी कामाला गेलीय. खोटं नाही ते.

तू बॅग उचलून निघालीस त्या दिवशी मी घरी नव्हतो, नाहीतर अडवलं असतं.

एकवीस तारीख, अकरा वाजता. मी पायऱ्यांवर उभा असेन.

दादा


१२ फेब्रुवारी

मोजपट्टे,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे, रागाला जागा आहे.

मंडळासमोर काय बोलायचं त्याची तालीम करतोय. खांबाचं परवा तुझ्या वहिनीलाही सांगितलं; आता ती साहेब होते आणि मी समोर हात बांधून उभा राहतो. "धंदा काय?" असं तिने विचारलं, मी म्हटलं, पत्रा सरळ करणे. ती म्हणाली, असं नाही बोलायचं, 'अपघातग्रस्त वाहनांची दुरुस्ती' म्हणायचं. मी म्हटलं, बाई गं, एवढं बोलेपर्यंत माझा धीर सुटेल. तालमीत मला अर्धंच सांगता येतं. म्हणून आधी तुला लिहितो. पूर्वी माझी जॉबकार्डं तपासायचीस तसं हेही तपास.

बाबांनी मला गॅसचं काम शिकवलं. ताणलेला पत्रा ज्योतीने लालबुंद करायचा, भोवताली हातोडीने हलके ठोके द्यायचे आणि ओला फडका मारायचा. चर्र झालं की पत्रा आक्रसून जागेवर येतो. बाबांचा यात हात धरणारा कुणी नव्हता. ओला फडका तूच द्यायचीस, दहा वर्षांची असशील. फडका द्यायच्या आधी पोच्यावर तुझी शाळेची पट्टी लावून बघायचीस, तेव्हापासून तुझं हे नाव पडलं.

मग तू म्हणालीस, मला हेच काम करायचंय आणि रीतसर शिकून करायचंय. बाबा म्हणाले, "दोन वर्षं पत्रा शिकायला? पत्रा काय पळून जातोय?" त्या वेळी तुझी बाजू मी घेतली होती. हे मी मंडळाला मुद्दाम सांगणार आहे, कारण माझ्या बाजूने सांगण्यासारखं दुसरं फारसं काही सापडत नाही.

तू परवाना घेऊन आलीस. आपल्या खानदानात भिंतीवर लावण्यासारखा पहिला कागद. बाबांनी तो पाहिला आणि वर्षाच्या आत ते गेले. तुझ्यामुळे मोठ्या ठोकलेल्या गाड्या यायला लागल्या. मला अभिमान होता. माझा जळफळाटही होत होता. दोन्ही खरं आहे. गिऱ्हाईक आत आलं की माझ्या अंगावरून पुढे जाऊन विचारायचं, "मॅडम आहेत का?" वीस वर्षं त्या गॅरेजात मी काळा होत होतो.

तू मला नवं नवं सांगायचीस. पुढच्या आणि मागच्या दाराच्या मधला खांब आता वेगळ्या पोलादाचा असतो, कारखान्यात एकदाच तापवून कडक केलेला. त्याला पुन्हा आग दाखवली की तो मऊ पडतो आणि बाहेरून काही कळत नाही. तो वाकला तर कापायचा आणि नवा बसवायचा. तू फळ्यावर खडूने लिहिलं होतंस, 'खांबाला गॅस नाही'. मी त्याच्याखाली मिशा काढल्या होत्या. तू हसली नव्हतीस.

बाईंची गाडी आली ती कुशीत मार खाऊन. नवा खांब यायला तीन आठवडे लागणार होते. तू ऑर्डर दिलीस आणि दोन दिवस पुढच्या परीक्षेला गेलीस. जाताना मला म्हणालीस, "दादा, हिला हात लावू नकोस." लहान मुलाला सांगतात तसं म्हणालीस. निदान मला तसं ऐकू आलं.

त्या दुपारी मी खांबाकडे बघत बसलो. पोचा होता जेमतेम तळहाताएवढा. बाबांनी अर्ध्या तासात काढला असता. बाई आणि त्यांचे मिस्टर रोज चौकशीला येत होते, गाडीवाचून त्यांची ओढाताण होत होती, हे सगळं खरं आहे आणि वहिनीसमोर मी तेच पुढे करतो. पण मी गॅस पेटवला तो तुला दाखवायला. परत येशील, बोट फिरवशील, तुला कळणार नाही, आणि मग मी हसत हसत सांगीन, बघ, अजून जमतं.

तू आलीस. तोवर मी घासून, प्रायमर मारून, आतलं अस्तर लावून मोकळा झालो होतो. तू गाडी बेंचवर घेतलीस. नऊ ठिकाणी मोजलंस आणि नऊच्या नऊ ठिकाणी माप जुळलं. तू माझ्याकडे वळलीस आणि म्हणालीस, "पार्ट लवकर आला म्हणायचा. दादा, काय सुरेख बसवलास रे नवा खांब! कारखान्यातून उतरल्यासारखा."

परवाना घेऊन आल्यापासून तू माझं कौतुक केलेलं ते पहिलंच. मी म्हटलं, "मग! समजलीस काय मला."

एवढंच झालं. पुढचं हसणं राहून गेलं. तू विचारलंस, जुना खांब कुठाय, मी म्हटलं, भंगारवाला घेऊन गेला. तू जॉबकार्डावर सही केलीस आणि मी ती ऑर्डर फोनवरून रद्द केली.

चार महिन्यांनी त्याच कुशीत टेम्पो घुसला. खांब आत दुमडला. गाडी बाईंचे मिस्टर, म्हणजे सर, चालवत होते. कमरेचं हाड चार जागी मोडलं. ते आता चालणार नाहीत असं डॉक्टर म्हणतात. तपासनीसाने खांब कापून आतली बाजू उघडी केली. बाहेरचं मी घासलं होतं, पण आतल्या बाजूला हात पोचत नाही. तिथे तो जळका निळा-जांभळा डाग तसाच होता. त्याने तो तुला दाखवला. तू डागाकडे बघितलंस आणि मग माझ्याकडे. मी पाना शोधत होतो.

हे असंच्या असं मी एकवीस तारखेला सांगणार आहे. काही राहिलं असेल तर कळव.

दादा


२१ फेब्रुवारी, दुपारी

मोजपट्टे,

मी आलो होतो हे तू पाहिलंसच. तेव्हा आलो नव्हतो असं म्हणायची सोय नाही.

साडेदहालाच पोचलो. इस्त्रीचा शर्ट घातला होता, नखांतलं काळं काढायला वहिनीने घासणी दिली होती. दुसऱ्या मजल्यावर तो लांबलचक बाक आहे ना, त्याच्या एका टोकाला बसलो. खिशात चार पानं लिहून आणली होती. मग तू जिन्यावरून आलीस. बारीक झालीस. केस कापलेस. तू मला बघितलंस आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलीस. मधे सहा माणसं बसतील एवढी जागा होती.

मला वाटलं, तू बोलशील. नुसतं "दादा" म्हणाली असतीस तरी चाललं असतं. तू समोरच्या भिंतीकडे बघत होतीस.

शिपायाने तुझं नाव पुकारलं. तू उठलीस आणि दारात क्षणभर थांबलीस, हे मी पाहिलं. शिपायाने मला विचारलं, "तुम्ही यांच्याबरोबर का?" मी म्हटलं, "नाही, मी दुसऱ्या कामासाठी आलोय."

तू ते ऐकलंस का? दार तोपर्यंत लागलं होतं की नव्हतं, हे मी बसमध्ये बसून आठवत होतो. मला ठरवता येत नाही.

पाच मिनिटं बसलो, दहा मिनिटं बसलो. मग नळावर जाऊन पाणी प्यालो आणि तिथून जिना जवळ होता. गॅरेजवर आलो तर रंगारी काकांनी विचारलं, "झालं?" मी म्हटलं, झालं. ते म्हणाले, "सांगितलंस?" मी बंपर उतरवायला घेतला. काकांनी पिचकारी खाली ठेवली, हात धुतले आणि डबा न खाताच घरी गेले. माणूस तीस वर्षं आपल्याकडे आहे, असा अर्ध्या दिवसात कधी गेला नव्हता. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. त्या दुपारी गॅसचा वास त्यांना आलाच असणार.

तुझ्यावरही मी चिडलोय, सांगून टाकतो. तू मला हाक का मारली नाहीस? लहानपणी शेजारच्याची काच फुटली तेव्हा भर रस्त्यात ओरडून सांगितलं होतंस, दादाने फोडली, दादाने फोडली. तेव्हा बरं तोंड होतं.

हे खोडायला हवं. पण शाई आहे, राहू दे.

दादा


१० मार्च

मोजपट्टे,

निकाल आला. तुलाही आला असेल. परवाना कायमचा रद्द.

परवा मी मंडळात गेलो, खरोखर आत गेलो. तिथल्या कारकून बाईंसमोर चार पानं ठेवली आणि म्हटलं, खांब मी तापवला, बहिणीला माहीत नव्हतं, घ्या लिहून. त्या बऱ्या होत्या, मला बसायला सांगितलं. मग फाइल काढली आणि म्हणाल्या, "पण त्यांनी तर लिहून दिलंय."

मला वाचायला दिलं. तुझं गोल अक्षर. 'नवा भाग येईपर्यंत थांबण्याचा धीर मला राहिला नाही. खांब मीच तापवला. माझ्या भावाला या पोलादाची माहिती नाही व त्याला मी विचारलेही नाही.' खाली तारीख होती. सुनावणीच्या आधी दोन महिने, तू घर सोडलंस त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

म्हणजे एकवीसला मी बाकावर घाम पुसत होतो तेव्हा आत सगळं ठरलेलंच होतं. तुला फक्त हो म्हणायचं होतं.

मोजपट्टे, आता दोन गोष्टी कबूल करतो. पहिल्या पत्रात मी लिहिलं, दोनच माणसांना माहीत आहे. ते खोटं होतं. आईला मी स्वतः सांगितलं होतं, तपासनीस येऊन गेला त्याच संध्याकाळी. तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो, एवढा घोडा झालोय तरी.

दुसरं. तू गेलीस त्या दिवशी मी घरीच होतो.

स्वयंपाकघरात आई तुझ्याशी बोलत होती. मी बाहेरच्या बोळात बूट घालत होतो. एक घातला होता. आई म्हणाली, "त्याला दोन मुलं आहेत. गॅरेज त्याच्या नावावर आहे, ते गेलं तर आपण सगळे उघड्यावर येऊ. तू एकटी आहेस, हुशार आहेस, दुसरं काहीही करशील."  नळ चालू होता. मग तू विचारलंस, "दादा काय म्हणतो?"

आई म्हणाली, "त्याला कशाला विचारायचं? तो नाहीच म्हणेल."

मी त्या दारापासून तीन पावलांवर होतो. आत येऊन 'नाही' म्हणायचं, एवढंच काम होतं. आईने माझ्या वतीने ते म्हणूनही टाकलं होतं, नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मी दुसरा बूट घातला आणि नाडी न बांधताच बाहेर पडलो. कोपऱ्यावर जाऊन बांधली. परत आलो तेव्हा तुझ्या खणात नुसता कागद अंथरलेला होता.

आईला दोष देऊ नकोस. देणार असशील तर दे, मी कोण सांगणारा. ती आता तुझं नाव काढत नाही. कुणी विचारलं तर म्हणते, "माझी मुलगी समजूतदार आहे." आणि मग देठ काढलेली भाजी पुन्हा निवडायला घेते.

आता महत्त्वाचं. कारकून बाईंनी सांगितलं, साठ दिवसांत पुनर्विचाराचा अर्ज करता येतो. त्यात माझा जबाब लागेल आणि तुझी सही लागेल, की आधी दिलेला जबाब खरा नव्हता. खोटा जबाब दिल्याबद्दल तुला वेगळी समज मिळेल, पण परवाना परत मिळायची शक्यता आहे. कमी आहे, पण आहे. तुझ्या सहीशिवाय अर्ज घेतच नाहीत. माझ्या बाजूचं मी भरलंय. तू फक्त सही कर आणि पाठव.

दादा


२८ मार्च

मोजपट्टे,

तू हे वाचशील तेव्हा मला तुझ्याकडून येऊन चार दिवस झालेले असतील. समोर बोलता आलं नाही ते लिहितोय. तुझ्या मैत्रिणीची आज्ञा मोडली, तिलाही सांग.

अर्ज परत आला नाही म्हणून मी आलो. घराला कुलूप होतं; शेजारणीने सांगितलेलं तुझ्या कामाचं गोदाम शोधायला अर्धा दिवस गेला. खिडकीतून तू दिसलीस. टेबलाशी उभी राहून कपबश्या कागदात गुंडाळत होतीस. कप, कागद, वळकटी, खोका. तुझे हात मला ओळखू आले नाहीत, इतके स्वच्छ होते.

जेवणाच्या सुट्टीत तू बाहेर आलीस. मी फाटकाशी उभा होतो. तिथे एक निळी गाडी लावलेली होती, तिचं मागचं दार इतकं वाईट बसवलेलं की फटीत अंगठा जाईल. माझी नजर आपोआप गेली. तू तिला खेटून आलीस आणि बघितलंसुद्धा नाहीस. पत्रात लिहिलेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा मला त्याचं जास्त वाईट वाटलं.

आपण काय बोललो ते तुला माहीत आहे. तरी लिहितो, कारण माझ्या डोक्यात ते थांबत नाही.

मी अर्ज पुढे केला. तू उभ्याउभ्या पूर्ण वाचलास, दोन्ही बाजू. मग घडी घालून परत दिलास.

मी म्हटलं, "सही कर ना. परवाना मिळेल."

तू म्हणालीस, "मिळाला तर मी काय करू त्याचं? कुणाबरोबर काम करू? समोरच्याने बसवला म्हटलं की मला आता प्रत्येक खांब कापून बघावा लागेल."

"मग खरं काय ते कसं कळणार लोकांना?"

"तू सांग ना."

"तुझ्या सहीशिवाय घेत नाहीत गं."

त्यावर तू हसलीस. तुझं ते हसू मी आधी कधी पाहिलं नव्हतं. म्हणालीस, "दादा, मंडळ नाही घेणार. बाईंच्या घरी जा. सरांना सांग, तुमची गाडी मी बिघडवली. त्याला माझी सही लागत नाही. तिथे का नाही गेलास इतके दिवस?"

मी म्हटलं, जाणार होतो. तू म्हणालीस, "हो. तू जाणारच असतोस." आणि घड्याळाकडे बघितलंस. "मला काम आहे. जपून जा. बस पलीकडच्या बाजूने मिळते."

शेवटी तू बसचं सांगितलंस. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

मी बाईंकडे जाणार आहे, याच आठवड्यात. या वेळी पक्कं असं लिहीत नाही, फक्त जाणार आहे असं लिहितो.

दादा


१४ एप्रिल

मोजपट्टे,

याच आठवड्यात म्हटलं होतं, त्याला दोन आठवडे उलटून गेले. एकदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आलो. एकदा सुट्टी आहे म्हणून गेलो नाही. आज गेलो, घरात गेलो, खुर्चीवर बसलो. आता आलोय आणि शर्टसुद्धा न बदलता लिहितोय.

तळमजल्यावरचं घर. पुढच्या खोलीत त्यांनी पलंग आणलाय, खिडकीपाशी. सर त्याच्यावर उशांना टेकून बसले होते. मला बघताच म्हणाले, "या या, गॅरेजवाले! अहो ऐकलंत का, गॅरेजवाले आलेत." बाई आतून पदराला हात पुसत आल्या. मला वाटलं होतं, दारातून हाकलतील. तशी तयारी करून गेलो होतो. खुर्ची पुढे करतील याची तयारी नव्हती.

सर बोलत होते. पायांचं सांगत होते, की डावा अंगठा थोडा हलतो, सकाळी हलतो, दुपारी हलत नाही. मला चादर बाजूला करून दाखवायला लागले. बराच वेळ आम्ही तिघं त्या अंगठ्याकडे बघत बसलो. तो हलला नाही. सर म्हणाले, "लाजतोय, नवा माणूस बघून."

तेव्हा मी तोंड उघडलं. खरंच उघडलं, मोजपट्टे. म्हटलं, "सर, मी तुम्हाला एक सांगायला आलोय. ती गाडी—"

बाई म्हणाल्या, "राहू द्या हो. त्यात तुमचा काय दोष? मंडळाचं पत्र आलं आम्हाला. तुम्हाला तर तिने विचारलंसुद्धा नव्हतं, असं लिहिलंय त्यात."

मी म्हटलं, "तसं नाही—"

सर म्हणाले, "काय करते आता ती?"

मी म्हटलं, कुठल्याशा गोदामात आहे. आणि मग, कसं आलं तोंडातून मला कळत नाही, मी म्हटलं, "आमचा आता तिच्याशी काही संबंध नाही."

 सरांनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यांचा हात पांढरा पडलाय आणि कागदासारखा हलका झालाय. म्हणाले, "असं करू नका. सुरुवातीला मीही तिला खूप शिव्याशाप दिले. हिला विचारा. पण वयाने लहान आहे, घाई केली, चुकली. तिला वाळीत टाकू नका. मी तिला माफ केलंय म्हणून सांगा. सांगाल ना?"

सगळं तिथे होतं, माझ्या ओठांवर. एवढंच म्हणायचं होतं, माफी चुकीच्या माणसाला जातेय. बाई रडत होत्या. सर माझ्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट बघत होते.

मी म्हटलं, "सांगतो. तिच्या वतीने मी तुमचा आभारी आहे."

दादा